प्रभू येशूचे सर्वश्रेष्ठत्व : नित्य साहाय्य मातेच्या चित्राच्या आधारे एक परिचय

मुंबई महाधर्मप्रांतातील चेंबूरचा धर्मग्राम नित्य साहाय्य मातेच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले 'ओ.एल.पी.एस.' हे नाव चर्चला लागून असलेल्या शाळेमुळे ख्रिस्ती नसलेल्या चेंबूरकरांच्याही तोंडी रुळले आहे. या चर्चवर नाव मातेचे आहे, तसबीर मातेची आहे आणि नोव्हेनाही मातेचीच आहे. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : तुम्ही कॅथलिक लोक येशूपेक्षा मरियेलाच अधिक मानता का? कधी हा प्रश्न अन्य ख्रिस्ती पंथातील बंधुभगिनी विचारतात, कधी दुसऱ्या धर्माचा शेजारी कुतूहलाने विचारतो, तर कधी आपल्याच घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी विचारते. या प्रश्नाला नीट उत्तर न मिळाल्याने काही कुटुंबांतील मंडळी ख्रिस्तसभेपासून दुरावली आहेत, हेही आपण जाणतो.

प्रभू येशूचे सर्वश्रेष्ठत्व हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया आहे. त्याचा पवित्र शास्त्रातील आधार, धर्मपरिषदांनी त्याचा केलेला उच्चार, मातेच्या भक्तीशी असलेले त्याचे नाते आणि आपल्या रोजच्या जगण्यातील त्याचे स्थान यांचा थोडक्यात परिचय करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख वाचकांपुढे ठेवीत आहोत. चेंबूरच्या धर्मग्रामाला ज्या चित्रावरून नाव मिळाले, तेच चित्र आम्ही या अभ्यासासाठी निवडले आहे. येशूचे सर्वश्रेष्ठत्व इतक्या कमी रेषांत सांगणारे दुसरे चित्र आपल्या घराघरांत क्वचितच असेल.

पवित्र शास्त्राचा आधार

येशू हा अनेक थोर गुरूंपैकी एक थोर गुरू आहे, एवढेच ख्रिस्तसभा म्हणत नाही. संत पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:१५-२०) सांगतात की, ख्रिस्त हा अदृश्य देवाची प्रतिमा आहे, सारी सृष्टी त्याच्याद्वारे व त्याच्यासाठी निर्माण झाली आणि तो ख्रिस्तसभारूपी शरीराचे मस्तक आहे. इब्री लोकांस पत्राचा आरंभच या विचाराने होतो : देव पूर्वी संदेष्ट्यांच्या मुखाने निरनिराळ्या रीतींनी बोलला, पण आता तो आपल्या पुत्राच्या द्वारे बोलला आहे आणि तो पुत्र देवदूतांहून श्रेष्ठ आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हणवून घेतो (१४:६). तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव व मानव यांमध्ये एकच मध्यस्थ असल्याचे स्पष्ट म्हटले आहे (२:५).

या श्रेष्ठत्वाचे स्वरूप मात्र जगातील श्रेष्ठत्वाहून वेगळे आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात (२:६-११) संत पौल प्रथम ख्रिस्ताच्या उतरण्याचे वर्णन करतात. देवस्वरूप असूनही त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि क्रूसावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला. त्यानंतरच देवाने त्याला सर्वोच्च नाव दिल्याचे संत पौल सांगतात. शेवटच्या भोजनाच्या रात्री गुरूने शिष्यांचे पाय धुतले (योहान १३). जो प्रथम होऊ इच्छितो त्याने सर्वांचा सेवक व्हावे, हे त्याने याकोब आणि योहान यांच्या मागणीच्या प्रसंगी शिष्यांना सांगितलेच होते (मार्क १०:३५-४५). येशूच्या सर्वश्रेष्ठत्वाची चर्चा करताना हा क्रम आपण विसरता कामा नये. क्रूस बाजूला ठेवून केलेली श्रेष्ठत्वाची भाषा शुभवर्तमानाची भाषा राहत नाही.

धर्मपरिषदांचा निर्णय

पहिल्या काही शतकांत या श्रद्धेची कसोटी लागली. चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रिया येथील आरियस नावाचा धर्मगुरू अशी शिकवण देऊ लागला की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला सर्वोत्तम जीव आहे, परंतु तो पित्याच्या बरोबरीचा देव नव्हे. ही शिकवण वेगाने पसरली. तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे महागुरूंची परिषद भरविली. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, तो निर्माण केलेला नाही, असा निर्णय या परिषदेने दिला. रविवारच्या मिस्सामध्ये आपण जो श्रद्धांगीकार म्हणतो, त्याचे मूळ याच परिषदेत आहे. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथील परिषदेने त्याला पूर्णत्व आणले. नायसियाच्या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने पोप लिओ चौदावे यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये तुर्कस्तानातील इझनिक, म्हणजे प्राचीन नायसिया, येथे जाऊन अन्य ख्रिस्ती पंथांच्या प्रमुखांसमवेत प्रार्थना केली.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. येशू देव नसेल तर त्याच्या मरणाने आपले तारण कसे होईल, हा अलेक्झांड्रियाच्या संत अथानासियस यांचा सवाल होता. जीव कितीही उत्तम असला तरी तो दुसऱ्या जीवाला देवाशी एकरूप करू शकत नाही. हे कार्य देवच करू शकतो. आपल्या मुलाबाळांचा स्नानसंस्कार, आपल्या मृतांविषयीची आपली आशा आणि ख्रिस्तशरीराचा स्वीकार, हे सारे नायसियाच्या त्या एका निर्णयावर उभे आहे.

पुढे इ. स. ४३१ मध्ये इफिसस येथील परिषदेत मरियेला 'देवमाता' म्हणावे की नाही, हा प्रश्न उपस्थित झाला. कॉन्स्टंटिनोपलचे महागुरू नेस्टोरियस यांना तिला 'ख्रिस्तमाता' म्हणणे अधिक योग्य वाटत होते. परिषदेने 'देवमाता' ही उपाधी मान्य केली. तिच्या उदरी जन्मलेला येशू हा एकच आहे आणि तो देव आहे, म्हणून त्याची माता ती देवमाता, असा तो विचार होता. इ. स. ४५१ मध्ये काल्सेडन येथील परिषदेने येशू पूर्ण देव व पूर्ण मानव असल्याचे जाहीर केले. मरियेची ही सर्वांत मोठी उपाधी मुळात तिच्या पुत्राविषयीची साक्ष आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. चित्राकडे वळताना तिचा उपयोग होईल.

चित्राचा इतिहास

नित्य साहाय्य मातेचे मूळ चित्र रोम शहरात संत अल्फोन्सस यांच्या चर्चमध्ये आहे. ते लाकडी फळीवर रंगविलेले असून त्याची पार्श्वभूमी सोनेरी आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेतील ही चित्रशैली असून हे चित्र क्रीट बेटावरून रोमला आले, अशी परंपरा आहे. १४९९ साली ते रोममधील संत मत्तय यांच्या चर्चमध्ये स्थापन करण्यात आले आणि तेथे सुमारे तीनशे वर्षे भक्तांनी त्याचा सन्मान केला. फ्रेंच सैन्याच्या ताब्यात रोम असताना, १७९८ च्या सुमारास, ते चर्च पाडण्यात आले. चित्र वाचले, पण पुढची अनेक दशके ते लोकांच्या नजरेआड राहिले. अखेर पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या धर्मगुरूंच्या स्वाधीन केले आणि १८६६ च्या एप्रिल महिन्यात संत अल्फोन्सस चर्चमध्ये त्याची स्थापना झाली. रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंनी या चित्राच्या प्रती जगभर नेल्या. या मातेचा सण २७ जून रोजी साजरा होतो.

मुंबईत या भक्तीचे सर्वांत मोठे केंद्र माहीम येथील संत मायकल चर्च हे आहे. तेथील बुधवारची नोव्हेना १९४८ साली सुरू झाली. आजही दर बुधवारी पहाटेपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या भाषांत ती चालते आणि तिला सर्व धर्मांचे लोक येतात. चेंबूर, घाटकोपर, मुलुंड, कुर्ला येथून हार्बर व मध्य रेल्वेने माहीमला जाणारी बुधवारची माणसे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. चेंबूरच्या धर्मग्रामाला तर याच मातेचे नाव आहे.

चित्र काय सांगते?

या चित्राकडे आपण हजारदा पाहिलेले असते. म्हणूनच ते एकदा सावकाश पाहणे आवश्यक आहे. चित्रात चार व्यक्ती आहेत. मध्यभागी माता, तिच्या डाव्या हातावर बाळ येशू आणि वर दोन्ही बाजूंना दोन देवदूत. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला महादूत मायकल आहे. त्याच्यापाशी भाला व आंबेचे बोळे लावलेली काठी आहे. उजव्या हाताला महादूत गाब्रिएल असून त्याने क्रूस व खिळे धरले आहेत. दुःखसहनाची ही साधने पाहून बाळ दचकले आहे. त्याने मान वळवून त्या दिशेला पाहिले आहे, दोन्ही हातांनी आईचा उजवा हात पकडला आहे आणि धावत येण्याच्या घाईत त्याच्या एका पायातील वहाण सुटून लोंबकळते आहे.

पार्श्वभूमीवर ग्रीक अक्षरे आहेत. मातेच्या दोन्ही बाजूंना 'देवाची माता' या शब्दांची आणि बाळाच्या जवळ 'येशू ख्रिस्त' या नावाची आद्याक्षरे लिहिलेली आहेत. वर उल्लेखिलेल्या इफिससच्या परिषदेचा निर्णय या अक्षरांत आहे. चित्रकाराने मातेला निव्वळ 'मरिया' म्हटलेले नाही. तिची ओळख तिच्या पुत्रावरून दिली आहे. पुत्र कोण, हे कळल्यावाचून माता कोण, हे या चित्रात कळतच नाही.

आता मातेच्या उजव्या हाताकडे पाहावे. बाळाने तो धरला आहे, पण तिने तो घट्ट मिटलेला नाही. तिची लांब बोटे बाळाच्या दिशेने आहेत. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत माता बाळाकडे हाताने निर्देश करते अशा चित्रांचा एक प्रकार आहे आणि त्याला 'मार्ग दाखविणारी' असे नाव आहे. आपले चित्र त्याच घराण्यातील आहे. मातेची दृष्टी मात्र बाळाकडे नाही. ती चित्राबाहेर, चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहते आहे. ती आपल्याकडे पाहते आणि हाताने त्याच्याकडे दाखविते. काना येथील लग्नात तिने चाकरांना जे सांगितले, त्याचेच हे चित्ररूप आहे. तो सांगेल तसे करा, असे तेव्हा तिने सुचविले होते (योहान २:५). त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानात तिचे दुसरे कोणतेही बोल नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. या चित्रातील सर्वश्रेष्ठ व्यक्ती घाबरलेली आहे. नायसियाने ज्याला पित्याशी एकतत्त्व म्हटले, तो येथे आईच्या कुशीत आला आहे आणि त्याच्या पायातली वहाण धड राहिलेली नाही. काल्सेडनचे 'पूर्ण देव, पूर्ण मानव' हे सूत्र ज्यांना अवघड वाटते, त्यांनी ही लोंबणारी वहाण पाहावी. आजारपणाच्या, कर्जाच्या किंवा नोकरी गेल्याच्या भीतीने जो मनुष्य या चित्रासमोर उभा राहतो, त्याची भीती या प्रभूला परकी नाही.

उपासना आणि सन्मान

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत नेमकी आहे. उपासना केवळ त्र्यैक्य देवाची, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची. संतांना आपण सन्मान देतो आणि पवित्र मरियेला सर्व संतांहून विशेष सन्मान देतो. परंतु सन्मान कितीही वाढला तरी त्याची उपासना होत नाही, कारण या दोहोंची जातच वेगळी आहे. संतांकडे आपण मध्यस्थीची विनंती करतो, जशी आपण शेजाऱ्याला 'माझ्यासाठी प्रार्थना कर' अशी विनंती करतो. कृपा देणारा प्रभूच आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत या विषयावर मोठी चर्चा झाली. मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज असावा की ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजातच तिच्यावर एक प्रकरण असावे, असा प्रश्न होता. २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. १११४ महागुरूंनी एकाच दस्तऐवजात समावेश करण्याच्या बाजूने आणि १०७४ जणांनी विरोधात मत दिले. परिषदेतील इतकी चुरशीची मतमोजणी क्वचितच झाली. परिणामी मरियेवरील शिकवण 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजाच्या आठव्या व शेवटच्या प्रकरणात आली. मरियेचे मातृत्व ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला कमी करीत नाही, उलट तिचे सामर्थ्य प्रकट करते, हा त्या प्रकरणाचा गाभा आहे. पोप सहावे पॉल यांनी २१ नोव्हेंबर १९६४ रोजी हा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्याच दिवशी मरियेला 'ख्रिस्तसभेची माता' ही उपाधी दिली.

त्यानंतर अवघ्या ११ दिवसांनी, २ डिसेंबर १९६४ रोजी, तेच पोप मुंबईत उतरले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. निमित्त होते ओव्हल मैदानावर भरलेल्या ३८ व्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर परिषदेचे. ही परिषद २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर या काळात झाली. माहीमच्या नोव्हेनाला लाखो लोक जात असलेल्या या शहरात पोप आले ते ख्रिस्तशरीराच्या सन्मानासाठी, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

अलीकडे, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने मरियेच्या काही उपाध्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. मरियेला 'सह-तारणकर्ती' म्हणणे योग्य नाही, कारण त्यामुळे ख्रिस्ताच्या एकमेव तारणकार्याविषयी गोंधळ होऊ शकतो, असे त्यात सांगितले आहे. 'सर्व कृपांची मध्यस्थ' या उपाधीबाबतही सावधगिरीचा सल्ला आहे. त्याच वेळी लोकांच्या मरियाभक्तीचे त्यात मनापासून कौतुक केले आहे. या टिपणामुळे काही भाविक दुखावले गेले. तथापि नित्य साहाय्य मातेच्या चित्रापुढे उभे राहिल्यास यात नवे असे काहीच नाही. मातेने आपला हात तेथे आधीच पुत्राकडे केलेला आहे.

ख्रिस्तराजाचा सण

येशूचे सर्वश्रेष्ठत्व उपासना-वर्षात सर्वांत स्पष्टपणे ख्रिस्तराजाच्या सणाला साजरे होते. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी 'क्वास प्रीमास' या पत्राद्वारे हा सण सुरू केला. पहिले महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. राष्ट्राभिमानाच्या नावाखाली राज्यकर्ते माणसाच्या अंतःकरणावरही हक्क सांगू लागले होते. अशा काळात कोणतीही सत्ता अंतिम नाही, हे सांगण्यासाठी हा सण आला. पूर्वी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होत असे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो उपासना-वर्षाच्या अखेरच्या रविवारी, आगमन काळाच्या आधीच्या आठवड्यात, साजरा होऊ लागला.

या सणाची शुभवर्तमाने तीन वर्षांच्या क्रमाने बदलतात. पहिल्या वर्षी अखेरच्या न्यायाचा उतारा (मत्तय २५), दुसऱ्या वर्षी पिलातासमोरील साक्ष (योहान १८) आणि तिसऱ्या वर्षी क्रूसावरचा पश्चात्तापी चोर (लूक २३). तिन्हींत सिंहासनाचे वैभव शोधू गेल्यास निराळेच काही हाती लागते. एका ठिकाणी राजा भुकेल्यांत व तुरुंगवासीयांत लपलेला आहे, दुसऱ्या ठिकाणी तो बंदिवान आहे आणि तिसऱ्या ठिकाणी क्रूसावर आहे.

मराठी परंपरेत

मराठी भाषेला ही श्रद्धा नवी नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात येशूचे चरित्र. म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची सगळी कथा येशूकडे वाहत येते, अशी रचना त्यांनी केली. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा मराठी मनाला परिचित शब्द वापरला. येशूचे श्रेष्ठत्व सांगण्यासाठी या मातीची भाषा टाकून द्यावी लागत नाही, हा धडा त्यांनी चारशे वर्षांपूर्वी घालून दिला.

चेंबूरसारख्या उपनगरात आज मराठी बोलणारे कॅथलिक अनेक वाटांनी आलेले आहेत. येथल्या गावठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबे, वसईहून आलेली मंडळी, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे असा हा समाज आहे. प्रत्येकाची भक्तीची रीत वेगळी. कोणी सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जातो, तर कोणी श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला. या विविधतेला एका सूत्रात बांधणारा प्रभू एकच आहे आणि रविवारच्या वेदीभोवती ते सूत्र दिसते.

दैनंदिन जीवनात येशूचे स्थान

श्रद्धांगीकार ओठांनी म्हणणे सोपे आहे. येशू खरोखर प्रथम आहे की नाही, हे रोजच्या निवडींतून ठरते. धर्मग्रामात वारंवार पुढे येणाऱ्या काही बाबींचा आम्ही येथे विचार करतो.

*रविवारची मिस्सा.* बुधवारची नोव्हेना न चुकविणारे परंतु रविवारची मिस्सा सहज चुकविणारे भाविक आपल्यात आहेत. नोव्हेना ही स्तुत्य भक्ती आहे. मात्र ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कलम १२४७) बंधन आहे ते रविवारच्या मिस्साचे. कारण तेथे ख्रिस्त स्वतः आपल्याला आपले वचन व आपले शरीर देतो. पाळीची नोकरी, आजारी माणसाची सेवा अशा अडचणी खऱ्या असतात आणि ख्रिस्तसभा त्या जाणते. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानेही हे कर्तव्य पूर्ण होते. पण दोहोंपैकी एकच शक्य असेल, तर माता कोणत्या दिवसाकडे बोट दाखवील, हे चित्रावरून ताडता येते.

*नवस.* माहीम आणि वांद्रे येथे मेणाची घरे, मेणाची बाळे, मेणाचे हातपाय अर्पण केले जातात. आपली गरज देवापुढे ठेवण्याची ही साधी, लोकांना उमजणारी रीत आहे. पण 'हे दे म्हणजे ते देईन' असा व्यवहार मनात शिरला की प्रभू धनी न राहता दुकानदार होतो. मागणे अवश्य मागावे, पण गेथशेमाने बागेतील येशूप्रमाणे, पित्याची इच्छा शेवटी ठेवून.

*ज्योतिष, मुहूर्त, वास्तू.* घर घेताना, लग्न ठरविताना किंवा धंदा सुरू करताना लपूनछपून पत्रिका पाहणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २११६) ज्योतिष, हस्तसामुद्रिक आणि भविष्यकथन यांना स्पष्ट नकार दिला आहे. सृष्टी ज्याच्याद्वारे निर्माण झाली, त्याच्यावर विश्वास असणाऱ्याने ग्रहांना भिण्याचे कारण नाही. या भीतीतून सुटका हा येशूच्या सर्वश्रेष्ठत्वाचा एक अत्यंत व्यावहारिक लाभ आहे.

*काम आणि पैसा.* चेंबूरच्या परिसरात माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र, लहानमोठी दुकाने आणि असंख्य घरकामगार स्त्रिया यांच्यावर हजारो संसार चालतात. येशूला प्रभू म्हणणारा ठेकेदार मजुराचे पैसे अडवून ठेवू शकत नाही. येशूला प्रभू म्हणणारी गृहिणी घरकाम करणाऱ्या बाईला सुट्टी नाकारताना विचार करील. कोणत्याही मनुष्याला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, असे येशूने पैशाच्या संदर्भातच बजावले आहे (मत्तय ६:२४).

*घर.* पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढचा दिवा आपल्या बहुतेक घरांत असतो. घराला पवित्र हृदयाच्या स्वाधीन करण्याच्या विधीचा प्रसार फादर मातेओ क्रॉले यांनी १९०७ पासून केला. ही तसबीर बसविणे म्हणजे या घराचा यजमान येशू आहे असे मान्य करणे. मग त्या दिव्याखाली दारूमुळे होणारी मारहाण, भावाभावांतील जागेचे दावे, सुनेला टोचून बोलणे या गोष्टींना जागा उरत नाही. संध्याकाळच्या जपमाळेची सवयही येथे महत्त्वाची आहे. जपमाळेची रहस्ये बहुतांशी येशूच्या जन्माची, सेवाकार्याची, दुःखसहनाची आणि गौरवाची आहेत. जपमाळ म्हणजे मातेच्या सोबतीने पाहिलेले येशूचे चरित्रच होय.

अन्य धर्मीय शेजाऱ्यांमध्ये

येशू एकमेव तारणारा आहे असे मानणारा ख्रिस्ती मनुष्य अन्य धर्मीय शेजाऱ्यांशी आदराने वागू शकतो का? १९४७ नंतर सिंधी निर्वासितांना ज्या चेंबूरने जागा दिली, जेथे तमिळ, मल्याळी, पंजाबी व मराठी घरे एकमेकांना लागून आहेत, तेथे हा प्रश्न रोजचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेत सांगितले की, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. ६ ऑगस्ट २००० च्या 'दोमिनुस येसूस' या घोषणेने येशूच्या एकमेव तारणकार्याचा पुन्हा ठाम उच्चार केला. कित्येकांना ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात. ख्रिस्तसभा दोन्ही एकत्र धरते. सर्व मानवजातीचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे, ते ख्रिस्ताच्या द्वारे होते, आणि ज्यांनी त्याचे नाव ऐकलेले नाही किंवा जे प्रामाणिकपणे दुसऱ्या वाटेने देवाचा शोध घेतात, त्यांच्यातही पवित्र आत्मा देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने कार्य करतो.

याचा व्यवहारातील अर्थ स्पष्ट आहे. येशूच्या श्रेष्ठत्वाचा आधार घेऊन कोणाच्या देवाची निंदा करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. शिष्यांचे पाय धुणाऱ्याचे अनुयायी स्वतःला शेजाऱ्याहून श्रेष्ठ समजू लागले, तर त्यांनी येशूचे श्रेष्ठत्व सोडून स्वतःचेच मिरविले असे होईल. मात्र कोणी आपल्याला आपल्या श्रद्धेविषयी विचारले, तर सौम्यतेने व आदराने उत्तर देण्याची तयारी असावी, असे संत पेत्रसांनी सांगितले आहे (१ पेत्र ३:१५).

समारोप

प्रारंभी दिलेल्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येते. कॅथलिक श्रद्धेत प्रथम स्थान प्रभू येशूचे आहे. माता, संत, देवदूत, सण, नोव्हेना, जपमाळ यांचे मोल ती आपल्याला त्याच्याकडे किती नेतात, यावरून ठरते. मुलांनी हा प्रश्न विचारल्यास त्यांना रागावण्याऐवजी घरातील किंवा चर्चमधील नित्य साहाय्य मातेच्या चित्रासमोर न्यावे, आणि माता कोठे पाहते, तिचा हात कोणाकडे आहे, बाळ कशाकडे पाहून घाबरले आहे, हे तीन प्रश्न त्यांनाच विचारावेत. धर्मशिक्षण वर्गांत व लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकांतही या चित्राचा असा उपयोग करता येईल.

येत्या २७ जूनपूर्वीच्या नोव्हेनाच्या दिवसांत प्रत्येक कुटुंबाने कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्याय एकत्र बसून वाचावा आणि आपल्या घरात, कामावर व शेजारात येशूला कोणत्या एका गोष्टीत अद्याप प्रथम स्थान दिलेले नाही, याचा शांतपणे विचार करावा, असे आम्ही सुचवितो. नित्य साहाय्य माता आपणा सर्वांसाठी आपल्या पुत्राकडे विनंती करो.